सहा क्विंटल, सावलीत

मामांच्या घरात तीनच गोष्टी कायम जागेवर असायच्या. मामी, मामींची चूल आणि मामींचा देव्हारा. बाकी सगळ्याला चाकं होती.

पिठाच्या डब्याला चाकं होती, पाण्याच्या पिंपाला होती, टीव्हीला होती, अंगणातल्या तुळशीच्या कुंडीलाही होती. पाहुण्यांच्या खुर्चीला तर मामांनी निवडून निवडून चार चाकं बसवली होती. पाहुणा आला की त्याला त्या खुर्चीत बसवायचं, चहा द्यायचा, आणि गप्पा फारच लांबल्या की मामा बोलता बोलता उठून खुर्चीमागं उभे राहायचे. पाहुण्याला वाटायचं, किती जीव लावतात! वाक्य संपेस्तोवर तो बैठकीतून ओसरीत पोचलेला असायचा, आणि उतरत्या फळीवरून अंगणात आला की समोर फाटक दिसून त्याला आपल्या घराची आठवण यायचीच. मामांचा सख्खा मेहुणा एकदा असाच हातातली भज्यांची बशी न सांडता थेट फाटकापर्यंत गेला. तिथं पोचल्यावर तो गडी शांतपणे म्हणाला, "बरंय मामा, येतो मी." मेहुणाही त्यांना मामाच म्हणायचा. सगळं वाटूर म्हणायचं, मग तो तरी काय करणार?

"हलतंय त्याला गंज न्हाई," हे मामांचं ठरलेलं वाक्य. त्याला जोडून दुसरं, "बसलं ते रुतलं." मामींना ही दोन्ही वाक्यं इतकी पाठ होती की मामांनी तोंड उघडताच त्याच ती म्हणून टाकायच्या आणि मामा तोंड मिटून पुढं जायचे.

याचं मूळ त्यांच्या घराण्यात होतं म्हणे. त्यांचे आजे-पणजे मेंढरांमागं हिंडणारे. घोड्याच्या पाठीवर संसार, आज या शिवारात तर आठ दिवसांनी त्या शिवारात. "माझ्या बापानं पहिल्यांदा घर बांधलं," मामा सांगायचे, "आन् तवापासून त्याचे गुडघे दुखाया लागले." त्यामुळे मामा बसत नसत. जेवायचे उभ्यानं, पेपर वाचायचे फेऱ्या मारत. उंच, काटकुळे, कानामागं खडू, खिशात ओळंबा. फोटो काढायचा म्हटलं तर हललेलेच यायचे. आधार कार्डावरच्या फोटोतसुद्धा ते कुठंतरी निघालेले दिसतात.

मी त्यांच्याकडं मिस्तरी होतो, या गोष्टीच्या वेळी बावीस वर्षं झालेली. वाटूर फाट्यावर, जिथं जालना, मंठा आणि परतूरचे रस्ते एकत्र येतात, तिथं एसटी थांब्याला लागूनच मामांचा सुतारकामाचा कारखाना, घराच्याच अंगणात. वर पत्रे, तिन्ही बाजूंनी पत्रे, समोर मोठं दार, आणि अंगणात एक जुना लिंब. दरवाजे, चौकटी, दिवाण असली कामं आम्ही करायचो. सगळ्यात मोठं धूड म्हणजे रंधा मशीन. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, वजनाला सहा क्विंटलच्या पुढं. त्याच्या सपाट पाट्यावरून फळी ढकलली की खाली गरगरणारी पाती ती तासून गुळगुळीत करतात. हातानं दिवसभराचं काम तिथं तासात होतं, पण बोटं पात्यांपासून वीतभर लांब ठेवायला डोकं ताळ्यावर लागतं.

आमच्याकडं शेतावरचा सालगडी पाडव्याला साल धरतो. म्हणजे एका पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत त्याची त्या घराशी बांधिलकी. सुताराच्या कारखान्यात ही रीत कुठंच नसते. मामांनी मात्र ती आणली होती. दर पाडव्याला ते रंधा मशीनच्या पाट्यावर नारळ, विड्याचं पान आणि सुपारी ठेवायचे, समोर उभे राहायचे आणि कोर्टातल्यासारखं विचारायचे, "मिस्तरी, साल धरता का सोडता?" मी म्हणायचो, "धरलं." मग नारळ फुटायचा. माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मला जेवढी धाकधूक झाली नव्हती तेवढी दर पाडव्याला व्हायची, उत्तर मलाच द्यायचं असून.

आणि मग एका वैशाखात मला ऊन लागलं. पत्र्याखाली दुपारी भट्टी पेटलेली असायची. मी फळी ढकलत होतो, एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी भुशात पडलो होतो आणि मामा माझी बोटं मोजत होते. एकदा डाव्या हाताची, एकदा उजव्या हाताची, मग पुन्हा डाव्या. दहा भरली तेव्हा त्यांनी मला एक सणसणीत शिवी दिली आणि पाणी पाजलं. परतूरच्या डॉक्टरांनी बजावलं की उन्हाळ्यात पत्र्याखाली काम बंद, पुन्हा भोवळ आली तर बोटांवर भागणार नाही.

ते साल मी कसंबसं ओढलं. माझा मुलगा संभाजीनगरला असतो. तो म्हणत होता, बाबा, बास झालं, इकडं या, नातवाला शाळेत सोडा-आणा. काम वाईट नव्हतं, पण त्यात रंधा मारायला कुठंच जागा नव्हती. मला जायचं नव्हतं, हे मी आज सरळ सांगतो. तेव्हा कुणाला सांगितलं नाही. होळीच्या दिवशी मामींनी पुरणपोळी खायला बोलावलं होतं, तिथं मी विषय काढला.

"मामा, ह्या पाडव्याला मी साल सोडून राह्यलो."

मामा उभ्यानं पोळी खात होते. घास तसाच गालात राहिला.

"कामून?"

"ऊन सोसत न्हाई आता."

"ऊन सोडून दुसरं काही कारण हाये का?"

"न्हाई."

"माझं काही चुकलं?"

"न्हाई हो मामा."

"मामीचा चहा?"

"बिलकुल न्हाई."

"मंग बराबर," मामांनी घास गिळला. "ऊन तेवढं काढून टाकू. पंधरा दिवस हायेत."

आणि ताट तसंच हातात घेऊन ते लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

मामांचं म्हणणं ऐकायला सोपं होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात माणूस बाजेवर पडतो. सकाळी बाज लिंबाच्या एका अंगाला, दुपारी बुडाशी, कलत्या उन्हात दुसऱ्या अंगाला. सावली सरकते तशी बाज सरकते. "मंग मशीननं काय पाप केलंय?" मामा म्हणाले. "बाज वीस किलोची, मशीन सहाशे किलोचं. फरक हाये तो फक्त किलोचा." कूलर आम्ही आदल्या वर्षीच लावून पाहिला होता. त्यानं भुसा असा उडवला की आम्ही दोघं चार दिवस डोळ्यांत थेंब घालत बसलो. मशीन कायमचंच झाडाखाली मांडावं, तर पावसाळा होता आणि फाट्यावरचे चोरही होते. तेव्हा मशीन सकाळी बाहेर यायला हवं, दिवसभर सावलीमागं हिंडायला हवं आणि संध्याकाळी घरी परतायला हवं. मेंढरासारखं.

मामींनी पहिली हरकत घेतली. "दर दसऱ्याला पूजा करता त्या मशीनची. बसवलेला देव हलवत्यात व्हय?"

"देव पालखीत बसून गावभर फिरतोय की," मामा म्हणाले. "त्याला पालखी हाये, ह्याला न्हाई, एवढंच तर दुरुस्त करायचंय."

दुसरी हरकत माझी होती. "मामा, लिंबाला पान कुठंय?" होळीला लिंब पार झडलेला होता. फांद्यांच्या काड्या तेवढ्या उरल्या होत्या आणि त्यांच्या सावलीत एखादं मांजरही मावलं नसतं.

"पाडव्याला येतंय पान," मामा म्हणाले. "लिंब कधी पाडवा चुकला का? तुम्ही चुकून राह्यले."

मग सुरू झाली चाकांची निवड. मामांच्या मते चाक निवडणं आणि जावई निवडणं यात काही फरक नव्हता. "वजन पेललं पायजे. सांगितलं तिथं थांबलं पायजे. आन् येताजाता कुरकुर करू न्हाई." जालन्याच्या लोखंड बाजारात ते तीन वेळा जाऊन आले आणि प्रत्येक वेळी पिशवीभर चाकं घेऊन आले. दवाखान्याच्या खाटेची, मालाच्या ट्रॉलीची, ऑफिसच्या खुर्चीची. खुर्चीची चाकं पाहून मी म्हणालो, यांच्यावर साहेब पेलतो, मशीन कसं पेलेल? "साहेब काम करत न्हाई, म्हणून पेलतंय," म्हणत मामांनी ती बाजूला ठेवली.

परीक्षा घेण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. चाकं दुपारभर पत्र्यावर तापत ठेवायची. त्यांच्यावर दगड. संध्याकाळी उतरवून बघायचं. रबरी चाकं एका बाजूनं चपटी झाली. "हे जावई पहिल्याच उन्हाळ्यात बसले." लोखंडी चाकं तापली पण टिकली, फक्त त्यांनी ओट्याच्या फरशीचे दोन तुकडे केले, त्यावर मामी जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. भुसा टाकून पाहिलं, तर बारीक चाकं भुशात तिथंच अडली. शेवटी जाड नायलॉनची, तळहाताएवढी चार चाकं पास झाली. दोन सरळ चालणारी, दोन फिरती, फिरत्यांना ब्रेक. तोवर मामांनी कारखान्याच्या दारापासून लिंबापर्यंत आणि लिंबाभोवती गोल फरशीची वाटही घातली, कारण आमच्या काळ्या मातीत चाक म्हणजे चिखलात म्हैस. वाट झाल्यावर त्यांनी तिच्यावर लिंबू सोडून पाहिलं. लिंबू जिथं घरंगळलं तिथली फरशी उचलून पुन्हा बसवली. लिंबू घरंगळायचं थांबेपर्यंत, म्हणजे दोन दिवस.

यातच एकदा ते मला म्हणाले होते, "मिस्तरी, मी मेलो ना, तर चौघांचे खांदे कामून दुखवायचे? सरळ चाकं लावा. फक्त ब्रेक तपासा, उतार हाये." मामा गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. आम्ही ते ऐकलं नाही. मामी म्हणाल्या, "एकदा तरी चार माणसांसारखं जाऊ द्या त्यांना." खांदा मीही दिला.

असो. पाडव्याला सात दिवस राहिले तेव्हा अँगलची चौकट तयार झाली. चार कोपऱ्यांना चार पाय, त्यांना चार चाकं. मामा तिला पाट म्हणायचे. नवरदेवाला पाटावर बसवतात तसं मशीनला या पाटावर बसवायचं. पण बसवण्याआधी पाट वजन पेलतो का, हे पाहायला हवं होतं.

"सरकीच्या पेंडीची पोती ठेवू," मी म्हणालो. "आडतीवाल्याकडं पडलीत."

मामांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "पोतं बोलतं का? चाक खचलं तर पोतं सांगंल का तुम्हाला? माणसं ठेवा. माणूस वराडतो. कुठं खचलं ते लगेच कळतंय."

आणि ते सरळ एसटी थांब्यावर गेले.

आमच्या फाट्यावर मंठ्याची गाडी कधी येईल हे ज्योतिषालाही सांगता येत नाही. त्यामुळे थांब्यावरच्या माणसाला काहीही करायला सांगा, तो तयारच असतो. पाच मिनिटांत मामा पंधरा-वीस जणांना घेऊन आले. शेजारच्या आडत दुकानात कापूस तोलायचा काटा होता. एकेकाला त्यावर उभं करून मामा वजन खडूनं फळीवर लिहू लागले. रिटायर गुरुजी बहात्तर. चहावाला त्रेपन्न, किटलीसकट छप्पन्न. एका पैलवानासारख्या गड्याचं वजन एकशे चार भरलं तेव्हा टाळ्या पडल्या आणि त्यानं हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. नऊ जणांची बेरीज सहाशे बारा झाली. मामांना साडेसहाशे हवे होते.

"अडतीस किलोचं कुणी हाये का?" मामा ओरडले. "अडतीस! चाळीसबी चालंल!"

वाळक्या अंगाची एक आजी पदर सावरत पुढं आली. "मी हाये बघ. पण माझी गाडी चुकली तर तू सोडायचं."

"सोडतो आजी. ह्याच गाड्यावर सोडतो."

दहा माणसं चार कोपऱ्यांत दाटीवाटीनं उभी राहिली, एकमेकांचे खांदे धरून. मामांनी आणि मी मागून ढकललं. पाट हलला. नुसता हलला नाही, चालायला लागला. फरशीच्या वाटेवरून ती दहा माणसांची मिरवणूक डुलत डुलत लिंबाकडं निघाली. गुरुजी "सावकाश, सावकाश" म्हणत होते, चहावाल्यानं किटली उंच धरली होती, आजी हसून हसून पैलवानाला चिकटली होती. मंठ्याची गाडी नेमकी तेव्हाच आली. कंडक्टरनं खाली उतरून पाहिलं आणि घंटी वाजवायची विसरला. लिंबाला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून पाट थांबला. मामा चाकांपाशी लोळून कान लावून ऐकत होते.

"कुणी वराडलं का?"

"न्हाई!" दहाही जण एका आवाजात.

"मिस्तरी, लिहून घ्या," मामा धूळ झटकत उठले. "पास."

त्या दिवशी मामांनी मला मिठीच मारायची बाकी ठेवली. मलाही हसू आवरत नव्हतं. मनातल्या मनात मी संभाजीनगरचं सामान अर्धं सोडून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहारी, पाइप आणि जॅक लावून आम्ही मशीन पाटावर चढवलं. चाकं टेकली. मामांनी ढकललं. मशीन दोन हात गेलं, दारातल्या सांध्यावर जरासं अडलं, आणि मोटारीच्या बाजूचा कोपऱ्याचा पाय काडीसारखा वाकला. सहा क्विंटल बीड एका अंगाला कललं आणि तिथंच बसलं. कुणाला लागलं नाही. मशीनलाही काही झालं नाही. 

मामा दारात गेले आणि पायरीवर बसले.

मी प्रथम लक्ष दिलं नाही. जॅक लावून मशीन सरळ केलं, पाइपांवर घेऊन मागं जागेवर नेलं. अर्ध्या तासानं पाहिलं तर ते तसेच. जेवणाच्या वेळेला तसेच. मामी लगबगीनं आत आल्या. चेहरा उतरलेला.

"मिस्तरी, हे बसलेत."

"थकले असतील मामी."

"पस्तीस वरसांत मी ह्यांना बसलेलं पाह्यलं न्हाई. ताप आल्ता तवाबी हिंडत होते. आता म्हन्ले, मिस्तरीला जाऊ द्या, आपल्याच्यानं न्हाई होत." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मशीन नगं हलू द्या एक वेळ. हे हलाया पायजेत."

मामा हरले तर मी मोकळा होणार होतो. ऊन काढून टाकायचा शब्द त्यांचाच होता, ते जमलं नाही तर साल सुटलं. मी पिशवी भरायला घरी जायला हवं होतं. त्याऐवजी मी त्या वाकलेल्या पायापाशी उकिडवा बसलो. मला मामांचा नाही, त्या पायाचा राग आला होता. असलं काम माझ्या कारखान्यात? माझ्या! बघता बघता चूक दिसली आणि मला हसूच फुटलं. माणसं पाटावर उभी राहिली तेव्हा ज्या बाजूला पाट कलेल त्याच्या उलट ती झुकत होती, एकमेकांना धरत होती, पैलवान आजीला सांभाळत होता. वजन चारही चाकांत वाटलं जात होतं. मशीन कुणाला धरणार? त्याची जड मोटार एका अंगाला. त्यात फरशी सुतभर खालीवर झाली की चौथं चाक अधांतरी, आणि सगळा भार त्या एका कोपऱ्यावर. पोत्यांनी हे ओरडून सांगितलं असतं. माणसांनी ते सावरून घेतलं.

"मामी, चार चाकं डुगडुगतात ना," मी म्हणालो. "फरशी कितीबी सपाट करा."

"चुलीला दगड किती असत्यात?" मामी भाकरी थापायला घराकडं वळल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या. "तीनच. माझी चूल डुगडुगली का कधी?"

एवढी मोठी गोष्ट त्या घरातल्या तीन न हलणाऱ्या वस्तूंपैकी दोघींनी मिळून मला सांगितली.

पुढचे पाच दिवस मी तो पाट नव्यानं केला. आपल्याच पायात बेडी घालायची आणि ती घडवायचीही आपणच, असा तो प्रकार होता, पण बेडी सुबक झाली पाहिजे ना! मोटारीच्या बाजूला, भाराच्या खाली, जाड लोखंडी पट्टीवर दोन सरळ चाकं बसवली, जमिनीपासून सुतभर वर. पुढं एक लांब दांडा आणि त्याच्या बुडाशी एकच फिरतं चाक. दांडा दाबला की मशीनचे पुढचे पाय उचलले जायचे, मशीन किंचित मागं कलायचं, मागची चाकं टेकायची आणि तीन चाकांवर सगळं धूड तयार. दांडा सोडला की मशीन आपल्या चार बिडाच्या पायांवर जमिनीला धरून बसायचं, चाकांचा संबंध संपला. कारण चालायला चाक लागतं, पण काम करायला पायच लागतात. तासताना मशीन थरथरलं तर फळीला लाटा येतात.

पहिल्या दिवशी मामा पायरीवरूनच बघत होते. दुसऱ्या दिवशी पायरीवरूनच म्हणाले, "तो बोल्ट लहान हाये." मी म्हणालो, "बराबर हाये." तिसऱ्या दिवशी ते उठून पाहायला आले, "लहानच हाये," म्हणाले आणि मोठा आणायला निघून गेले. त्यांना चालताना पाहून मामींनी देव्हाऱ्यापुढं साखर ठेवली. या वेळी आम्ही मशीनला जोडण्याआधी पेंडीची पोती ठेवून पाट तपासला, जड बाजूला जास्त पोती. पोती काही बोलली नाहीत. मामा प्रत्येक पोत्याजवळ जाऊन खात्री करून आले.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली. मामींनी लिंबाचा कोवळा पाला आणि गूळ सगळ्यांच्या हातावर ठेवला. लिंबानं खरोखरच पाडवा चुकवला नव्हता. तांबूस, पोपटी पानं फांद्याफांद्यांना लगडली होती. फाट्यावरची माणसं जमली. दहा जणांतले गुरुजी, चहावाला आणि पैलवान आपलंच मशीन असल्यासारखे पुढं उभे होते. आजी पुन्हा दिसली नाही, बहुतेक तिला गाडी मिळाली असावी.

मी दांडा दाबला. मशीन उचललं. मामा मागून, मी पुढून. सहा क्विंटल बीड दाराचा सांधा ओलांडून, फरशीवरून, आवाज न करता लिंबाखाली आलं. दांडा सोडला. मशीन बसलं. मामांनी पाट्यावर लिंबू ठेवून पाहिलं. ते हललं नाही. लांब केबल जोडली, चालू केलं, मी एक सागाची फळी ढकलली. लाट नाही. वरून सावली पडत होती. कोवळ्या पानांची, चाळणीतून गाळल्यासारखी, पण सावलीच. वारा होता. भुसा वाऱ्यावर पुढं जात होता. मी बोटं पाहिली. जागच्या जागी होती.

मशीन बंद केलं. मामांनी पाट्यावर नारळ, पान, सुपारी ठेवली आणि समोर उभे राहिले. आता विचारतील म्हणून मी वाट पाहू लागलो.

मामा विचारीनात.

त्यांनी दांडा पाहिला. बोल्ट पाहिला. वर लिंब पाहिला. कानामागचा खडू काढला आणि पुन्हा ठेवला.

"मामा, विचारा की," मी म्हणालो.

"विचारतो ना. काय घाई हाये."

"नारळ तापून राह्यला."

ते माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "मिस्तरी, इचारलं आन् न्हाई म्हन्ले तर?"

बावीस वर्षं या माणसाला काय वाटतं ते मी त्याच्या चाकांवरून ओळखत आलो होतो. आज पहिल्यांदा तोंडून ऐकलं. मी पाट्यावरचं पान-सुपारी उचललं, त्यांच्यापुढं धरलं आणि मीच विचारलं, "मामा, साल धरता का सोडता?"

"कोण, मी?" मामा गडबडले. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी मामींकडं पाहिलं. मामी म्हणाल्या, "अवो, सांगा की त्यांना!"

"धरलं!" मामा एवढ्या मोठ्यांदा ओरडले की थांब्यावरची माणसं उठून उभी राहिली. "धरलं, धरलं!" आणि नारळ फोडायला घेतला तो पहिल्याच घावात तिघांच्या अंगावर पाणी उडालं.

मग गूळ वाटला, खोबरं वाटलं, गुरुजी चार शब्द बोलतो म्हणून चाळीस शब्द बोलले. मी फळीची दुसरी बाजू तासायला घेतली, तेव्हा मानेवर चटका बसला. वर पाहिलं. आमचा हा सगळा सोहळा होईस्तोवर सावली हातभर पुढं सरकली होती.

"मिस्तरी," मामा मागं जाऊन उभेच होते, "दांडा धरा."

मी दांडा दाबला आणि आम्ही दोघं सावलीमागं निघालो.